सासूबाईंबरोबर सहारात

सहाराला जायची हौस माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. हौस नवऱ्याची. आम्ही तेव्हा वाल्डॉर्फला राहत होतो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. जर्मनीतला मार्च म्हणजे काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. बर्फ नाही, ऊन नाही, आभाळभर नुसतं ओलं पोतेरं पसरलेलं. ऑफिसातले सगळे जर्मन ओस्टर्नच्या, म्हणजे ईस्टरच्या, सुट्टीत ऊन कुठे मिळेल ते शोधत असायचे. त्यातल्याच कोणीतरी नवऱ्याच्या डोक्यात ट्युनिशियाचं खूळ घातलं. समुद्रकाठच्या हॉटेलात आठवडाभर मुक्काम, आणि मधले दोन दिवस बसने वाळवंटात नेऊन, ओअ‍ॅसिस वगैरे दाखवून परत. त्याने दिवाळीच्या आधीच तिघांचं बुकिंग करून टाकलं. तो, मी आणि फेब्रुवारीत कऱ्हाडहून येणारी त्याची आई.

दिवाळीच्या आधी आम्ही नवरा-बायको होतो. फेब्रुवारी आला तेव्हा नव्हतो. म्हणजे कागदावर होतो, पण घटस्फोट घ्यायचा हे नाताळच्या सुट्टीतच ठरलं होतं. वकीलबाईंनी सांगितलं होतं की आधी वर्षभर वेगळं राहून दाखवा. त्याला जर्मनीत त्रेनुंग्सयार म्हणतात. एका घरात राहूनही ते चालतं, फक्त चूल आणि अंथरूण वेगळं हवं. आम्ही तसं सुरू केलंही होतं. फ्रिजमध्ये माझा कप्पा, त्याचा कप्पा. उन्हाळ्यात तो बॉनला नवीन नोकरीवर जाणार होता.

आमच्यात भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, तिसरं कोणी नव्हतं. लोकांना यातलं काहीतरी लागतं, त्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. आमचं असं झालं होतं की तो घरी आला तरी मला कळायचं नाही आणि मी नसले तरी त्याला कळायचं नाही. एकदा मी कंपनीतर्फे हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला गेले होते, चांगले चार दिवस. परत आले तर हा कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "आज लवकर आलीस?" मी आधी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसले.

तर एकीकडे असं सगळं, आणि दुसरीकडे सासूबाईंचा व्हिसा झालेला, तिकीट झालेलं. नवरा म्हणाला, "आत्ता आईला काही सांगायचं नाही. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुठे बाहेर पडतेय. तीन महिने मजेत राहू दे तिला. परत गेली की मी फोनवर सांगीन."

फोनवर! माझं डोकंच फिरलं. त्या वेळी आम्ही सगळे कॉलिंग कार्डावरून घरी फोन करायचो. नंबर खरवडायचा, मग पलीकडचं अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही, आणि ऐन बोलण्यात एक बाई घुसून सांगायची की आता थोडीच मिनिटं उरलीत. त्या बाईच्या साक्षीने हा आईला सांगणार की तुझी सून गेली. मी म्हटलं, "मी सांगीन. समोर बसून सांगीन." तो हात जोडून म्हणाला, "प्लीज." सात-आठ वर्षांत त्याने माझ्यापुढे हात जोडले ते त्या एकदाच. मी मूग गिळून गप्प बसले.

मग नाटक सुरू झालं. सासूबाईंना आतली खोली दिली, आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. मी पलंगावर, हा खाली गादीवर. सकाळी त्या उठायच्या आत गादी गुंडाळून पलंगाखाली. फ्रिजमधले कप्पे पुन्हा एक झाले. जर्मन कायद्याने आम्ही वेगळे होतो आणि आईच्या समाधानासाठी एका ताटात जेवत होतो. वकीलबाईंना कळलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

आता सासूबाई कोण होत्या ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सासूला सांगायचं म्हणून एवढं काय.

माझी आई मी बारावीत असताना गेली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण ते घर मला परत कधी माहेर वाटलं नाही. लग्नानंतर जर्मनीहून पहिल्यांदा कऱ्हाडला गेले तेव्हा सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सांगितलं, "हे बघ, पहिला आठवडा तू माहेरी आलीयस. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी हाक मारीन तेव्हा जेवायला यायचं, आणि 'काही मदत करू का' असं विचारलंस तर बघ." मला वाटलं, बोलायच्या गोष्टी. पण खरंच त्यांनी मला आठवडाभर ताटावरून उठू दिलं नाही. रोज दुपारी अंगणात बसवून डोक्याला तेल थापायच्या, आणि नणंद आलेली असली तर तिला म्हणायच्या, "तुझ्या वहिनीला पाणी दे गं, ती माहेरवाशीण आहे." आठवडा संपला की मात्र सकाळी खोलीचं दार धाडकन उघडायचं. "उठा सूनबाई! माहेर संपलं. ओटा घासायचाय." दर वर्षी हेच. नवरा त्याच्या मित्रांत रमलेला असायचा, त्याला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

म्हणजे बघा, माझं सासर त्या आणि माझं माहेरही त्याच. नवरा जाणार याचं दुःख मी कधीच करून मोकळी झाले होते. पण सासूबाईही जाणार हे मला मान्यच नव्हतं. मला वाटायचं, मी स्वतः, त्यांचा हात धरून सांगितलं तर त्या मला टाकणार नाहीत. फोनवर त्याच्याकडून कळलं तर मात्र मी गेलेच. मला एवढंच हवं होतं. नवरा गेला तरी सासू राहावी. वेडेपणाच होता, पण तेव्हा तो फार शहाणपणाचा वाटत होता.

ट्युनिशियाला पोचलो. हॉटेलवाल्यांनी हातात प्लास्टिकचे पट्टे अडकवले. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "हे काय, दवाखान्यात भरती करून घेतायत?" बुफेचा थाट बघून त्या जरा बिचकल्याच. एवढी माणसं हातात ताट घेऊन रांगेत उभी, हे त्यांना लग्नात वाढप्यांनी संप केल्यासारखं वाटलं. मीच त्यांचं ताट भरून आणायची. वांगी, भोपळा, वाफवलेल्या रव्यासारखा कुसकुस. "आपल्या सांज्याचीच बहीण की," असं म्हणत त्या खायच्या. मजेत होत्या. नवरा मला डोळ्यांनी खुणावायचा, बघ, किती मजेत आहे, मी सांगत होतो ना. त्याचं खरंच होतं, आणि म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा.

तिसऱ्या दिवशी पहाटे बस निघाली. बसमध्ये आम्ही तिघं सोडून सगळे जर्मन, बहुतेक पेन्शनीतले. गाइड तिथलाच, पण त्याचं जर्मन माझ्याहून फर्डं. दर वळणावर एक विनोद, आणि दर विनोदानंतर स्वतःच "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणून मोकळा. बाहेर आधी ऑलिव्हच्या बागा होत्या, मग खुरटी झुडपं, मग ती पण संपली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मी शेजारी, नवरा मागच्या सीटवर. दगडमातीचा तो मुलूख बघून त्या म्हणाल्या, "माणदेश बरा गं याच्यापुढे. इथली माणसं पितात काय?"

दुपारी डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. पिवळे, उघडे, उन्हाने भाजलेले डोंगर. गाइडच्या मागून एका घळीत शिरलो आणि वळण घेतलं तर समोर खजुराची झाडं. एवढी दाट की आत सावलीचा काळोख. आणि त्या झाडांच्या मुळाशी, खडकाच्या फटीतून, पाणी. झुळूझुळू येत होतं, एका डबक्यात साठत होतं. डबकं कसलं, चांगलं कमरेएवढं कुंडच. तळाचे खडे दिसत होते. सकाळपासून चाललेल्या वाळवंटाच्या कौतुकाने मी वैतागले होते, पण खोटं कशाला बोलू, ते पाणी बघून मी पण पुढे जाऊन हात बुडवला. गाइडने अर्धा तास दिला. जर्मन आज्या बूट काढून, पाय पाण्यात सोडून बसल्या.

सासूबाई काठाला उभ्या होत्या, हात जोडून. त्या कृष्णा-कोयनेच्या संगमावर लहानाच्या मोठ्या झालेल्या. पाणी दिसलं की त्यांचे हात आपोआप जुळायचे. हायडेलबर्गला नेकार नदीवर नेलं तेव्हा खाली वाकून ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर शिंपडून म्हणाल्या होत्या, "नमस्कार गं नेकारबाई, पोरांना सांभाळ." तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. इथे मात्र त्यांनी ओंजळभर पाणी नुसतं डोळ्यांना लावलं. मग वळून म्हणाल्या, "अरे, एवढ्या रुक्ष जागी देवाने पाणी ठेवलंय. याच्याहून मोठं तीर्थ कुठलं असणार? दोघं जोडीने स्नान करा."

नवरा म्हणाला, "आई, काय तरीच काय! कपडे भिजतील, बसमध्ये बसायचंय."

"वाळतील की. वाळवंट आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे रिटायर झाले की प्रयागला जोडीने बुडी मारायची असं आमचं ठरलं होतं. रिझर्वेशन झालं होतं. ते गेले. आता मी एकटीने मारून काय उपयोग? तुम्ही मारा आमच्या वाटची. त्यांना पोचेल." आणि पिशवीतून सासऱ्यांचा पंचा काढला. तो पंचा त्यांच्या पिशवीत सदा असायचा, घाम पुसायला म्हणून. तो त्यांनी मुलाच्या खांद्यावर टाकला, माझ्या ओढणीचं टोक ओढून घेतलं आणि लग्नात मारतात तशी गाठ मारली. मी काही म्हणायच्या आत झालं सगळं.

झालं! जर्मन मंडळींना वाटलं, इंडियन कार्यक्रम आहे. एका आजीने कॅमेरा काढला. गाइड तर हुरळलाच, "हॉख्त्साइट! हॉख्त्साइट!" म्हणजे लग्न, लग्न, असं ओरडत टाळ्या पिटायला लागला, आणि त्याच्याबरोबर दहा-बारा म्हातारेही. नवरा मुकाट्याने बूट काढून पाण्यात उतरला, पंचा गाठीसकट माझ्याकडेच राहिला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने माझ्यापुढे हात केला. तोंडावर हसू, आणि डोळ्यांत नुसती विनवणी, उतर ना, काय जातंय तुझं.

मी उतरणार होते. खरं सांगते, मी घोट्यापर्यंत गेलेही होते. नाटकच करायचं तर आणखी एक प्रवेश. पण सासूबाई काठावर डोळे मिटून पुटपुटत होत्या आणि मला सासऱ्यांचं नाव ऐकू आलं. ते मला फार जपायचे. जिवंत माणसांशी खोटं बोलणं मला जमत होतं, फेब्रुवारीपासून तेच चाललं होतं. मेलेल्या माणसाच्या नावाने खोटी बुडी मारणं मला जमेना. पायच उचलेना.

"आई," मी म्हटलं, "मी नाही उतरणार."

त्यांनी डोळे उघडले. चटकन जवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "अडचण आहे का गं? आधी सांगायचंस, मी कशाला आग्रह केला असता!"

सुटका अशी आयती चालून आली होती. नुसती मान हलवायची होती. आणि तेवढ्यात हा पाण्यातून ओरडला, "हो हो आई, तिला अडचण आहे! राहू दे!"

आता मला सांगा, ज्या माणसाला आठ वर्षांत माझी पाळी कधी येते, येते की नाही, याचा पत्ता नव्हता, तो दहा-बारा म्हाताऱ्यांसमोर, सहाराच्या मधोमध, कमरेएवढ्या पाण्यातून माझ्या पाळीची ग्वाही देत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही!" मी म्हटलं. "मला काही अडचण नाही."

एवढंच म्हणाले. आणि सासूबाईंचा चेहरा बघता बघता फुलला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आत्ता गं बाई," त्या म्हणाल्या. "मग... दिवस गेलेत का गं?" लगेच माझा दंड धरून मला मागे, दगडावर बसवायला लागल्या. "अशा वेळी परक्या पाण्यात उतरायचं नसतं, बरोबर केलंस, बरोबर केलंस. अरे लबाडा, मला का नाही सांगितलं?" हे मुलाला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी. सासरे गेल्यापासून मी त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

त्याक्षणी मला धरणीने पोटात घ्यायला हवं होतं. ते काही तिने केलं नाही. हा आनंद आणखी पाच मिनिटं त्यांच्याजवळ राहू दिला तर तो काढून घ्यायला माझा हात कधीच उचलणार नाही, हे मला दिसलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सांगून टाकलं.

"आई, दिवस गेले नाहीत. आम्ही वेगळे होतोय. घटस्फोट घेतोय. नाताळात ठरलं."

मला जसं सांगायचं होतं तसं काहीच झालं नाही. शांतपणे, समोर बसून, चहा पिताना, सगळं नीट समजावून. महिनाभर मनात घोळवलेली वाक्यं होती. आणि निघालं ते हे, एखाद्याला बस चुकली म्हणून सांगावं तसं. मागे टाळ्या अजून चालू होत्या. गाइडला वाटलं, नवरी लाजतेय.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाण्यातल्या मुलाकडे. त्याने मान खाली घातली. त्यावरूनच त्यांना कळलं. खाली वाकून गाठ सोडवली. ओढणी माझ्या खांद्यावर नीट घातली. पंचा आपल्या खांद्यावर टाकला. मग मुलाला म्हणाल्या, "बाहेर ये. गारठशील."

कॅमेऱ्यावाल्या आजीने विचारलं, "शोन फेर्टिश?" झालं इतक्यात? मी म्हटलं, "या, फेर्टिश." हो, झालं.

बसमध्ये सासूबाई माझ्या शेजारी बसल्या नाहीत. मुलाच्या शेजारीही बसल्या नाहीत. पुढे गाइडच्या मागची एकटीची सीट होती, तिथे जाऊन बसल्या. मला फक्त त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता. मागे हा ओल्या पँटीत बसलेला. थोड्या वेळाने पुढे वाकून म्हणाला, "झालं तुझं समाधान?" मला समाधान कुठलं? मी नुसती त्या अंबाड्याकडे बघत होते. वळतील, बघतील, एकदा तरी बघतील, असं वाटत होतं.

बस मिठाच्या सरोवरापाशी थांबली. सरोवर म्हणजे नावालाच, पाणी नाहीच. नजर पोचेल तिथवर पांढरं मीठ आणि सरळ रस्ता. मंडळी फोटो काढायला पांगली. नवरा टपरीमागे सिगारेट ओढायला गेला. सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मी भीत भीत जवळ गेले.

"म्हणजे मी आले तेव्हा ठरलेलंच होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग इतके दिवस मला फिरवलंत, माझ्या आवडीचं करून घातलंस, रोज पाय चेपलेस, ते?"

"ते नाटक नव्हतं आई. बाकी सगळं होतं. ते नव्हतं."

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "एवढी काही मी दूधखुळी नाही." मग कारण विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला, हॅनोव्हरचं पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "माझ्या पोराला माणूस दिसत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापालाही दिसायचं नाही, पहिली दहा वर्षं. मी थांबले. तू थांब असं म्हणणार नाही मी." मला वाटलं, जिंकले. मी रडत रडत म्हटलं, "आई, तुम्ही मला सोडू नका. मी येत जाईन कऱ्हाडला, फोन करीन. त्याचं माझं काही का होईना."

त्यांनी माझे डोळे पंचाने पुसले. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नको गं. येऊ नकोस. तो माझा मुलगा आहे. उद्या त्याचं दुसरं लग्न होईल, मीच करीन. ती मुलगी घरात येईल. तिला मी काय सांगू, ही कोण म्हणून? तिच्या डोळ्यांसमोर तुझं कौतुक करू? आणि नाही केलं तर तुला सहन होईल? तुला नाही व्हायचं, आणि मला तर नाहीच नाही. तू फोन केलास की मी दिवसभर रडत बसणार. मला झेपायचं नाही. करू नकोस."

मी म्हटलं, "आई, असं नका ना करू."

"तूच सांगितलंस ना मला? तोंडावर सांगितलंस, ते बरं केलंस. मग माझंही तोंडावर ऐक."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

रात्री वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी हॉटेलात परत आलो तेव्हा मुक्कामाचे शेवटचे दोन दिवस उरले होते. सासूबाईंनी मुलाची बॅग आमच्या खोलीतून उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्याला सांगितलं, "तू इकडे झोप. मी हिच्याजवळ." आणि मला म्हणाल्या, "पलंगावरून उठायचं नाही. तू माहेरी आहेस." बुफेला बिचकणारी ती बाई स्वतः ताट घेऊन रांगेत उभी राहिली. गोऱ्या लोकांच्या धक्काबुक्कीतून माझ्यासाठी कुसकुस, वांगी, चार प्रकारचे केक एकाच ताटात रचून आणले, भाजीचा रस्सा केकात शिरलेला. मी खाल्लं सगळं. दुपारी बाल्कनीत बसवून डोक्याला तेल लावलं. खोबरेल नव्हतं, हॉटेलातून मागून आणलेलं ऑलिव्हचं तेल. "वास बघ कसा मेल्याचा," म्हणत त्या चोळत होत्या. आम्ही दोन दिवस घटस्फोटाचं अक्षर काढलं नाही. नणंदेच्या मुलीचं बोलत राहिलो, कऱ्हाडच्या बाजाराचं बोललो. यावेळी मात्र शेवटच्या सकाळी 'उठा सूनबाई' झालं नाही. त्या मुकाट्याने बॅग भरत होत्या. मी झोपेचं सोंग घेऊन बघत होते.

आठवड्याभरातच त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. फ्रँकफर्टला सोडायला मी गेले नाही. त्यांनीच येऊ नको म्हटलं होतं. त्या घरातून निघाल्या तेव्हा मी वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी नेहमीचा, तोंडात बसलेला आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं. 'अखंड...' एवढं आलं, आणि पुढचं त्यांना सुचेना. मग नुसतं पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी फोन केला नाही. खूपदा कार्ड खरवडलं, नंबर फिरवत आणला आणि ठेवून दिला. त्यांनी सांगितलं होतं, मी पाळलं. त्यांनीही केला नाही. नवरा बॉनला गेला. घटस्फोट रीतसर झाला, कोर्टात दहा मिनिटं लागली असतील. मी वाल्डॉर्फलाच राहिले. त्याने लग्न केलं ते कोणाकडून तरी कळलं. मला त्या मुलीचा राग आला नाही. हेवा वाटला, आणि तो नवऱ्यावरून नाही.

दोन-तीन वर्षं अशी गेली. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. आवाजावरूनच मला कळलं.

"आई गेली," तो म्हणाला. "महिना होत आला. मी जाऊन, सगळं करून आलो. तुला कळवावं की नाही कळेना. ती म्हणाली नव्हती काही. पण मला आज राहवेना."

मी ओल्या कपड्यांच्या बादलीवरच बसले. काय झालं होतं, कशाने गेल्या, त्रास झाला का, हे सगळं विचारलं. त्यानेही सांगितलं, नीट, एक एक करून. आमच्या लग्नात आम्ही दोघं एवढं सलग कधी बोललो नसू. मग बोलायचं संपलं. कोणीच फोन ठेवेना.

माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. घरातलं माणूस गेलं की घरच्यांना सुतक असतं. बातमी उशिरा कळली तरी काहीतरी असतं, आंघोळ असते, देवाला शिवायचं नसतं, काय ते असतं. मुलाने केलं असेल, मुलीने, नव्या सुनेने. मी कोणाला विचारणार होते? वडिलांच्या घरी विचारलं तर म्हणाले असते, तुझा काय संबंध. आणि संबंध नाही हे ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून त्यालाच विचारलं.

"मला त्यांचं सुतक आहे का रे?"

तो म्हणाला, "मला काय ठाऊक गं. हे आईलाच विचारावं लागलं असतं."